खुर्ची, आद्य बरोक शैलीतील

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यास यूरोपात, आणि पोर्तुगीज व डच व्यापाराच्या मार्गाने भारताच्या किनारी प्रदेशात, प्रचारात आलेली पाठीची व हातांची लाकडी खुर्ची. उंच पाठ, कातीव किंवा पिळाचे पाय, पायांना जोडणाऱ्या नक्षीदार आडव्या पट्ट्या, पुढे वळत जाणारे रुंद हात आणि चामड्याची अथवा वेताची बैठक ही तिची ठळक लक्षणे होत. या खुर्चीची ओळख सामान्यतः तिच्या कोरीव नक्षीवरून केली जाते. परंतु नक्षीचे अनुकरण पुढील काळात वारंवार झालेले असल्याने तिची रचना, म्हणजे लाकडांची निवड, सांधेजोड आणि सांगाड्याची मांडणी, हीच तिच्या अभ्यासाची अधिक विश्वसनीय बाजू ठरते. महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. कारण गोवा, चौल, वसई व मुंबई या पोर्तुगीज ठाण्यांमधून हे आसन पश्चिम भारतात आले आणि येथील सुतारांच्या हातून त्याला स्वतंत्र रूप लाभले.

नाव व सामाजिक अर्थ : ‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’ या शब्दापासून फार्सीच्या द्वारे मराठीत आला. गोव्याच्या कोंकणीत खुर्चीला ‘कदेल’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘कादैरा’ या शब्दापासून बनला आहे. एकाच वस्तूची ही दोन नावे ती दोन वेगवेगळ्या मार्गांनी परिचित झाल्याचे सूचित करतात. ‘बरोक’ ही संज्ञाही बहुधा ओबडधोबड मोत्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका पोर्तुगीज शब्दावरून आली असावी [→ बरोक कला]. यूरोपात हातांची खुर्ची ही दीर्घकाळ अधिकाराची खूण होती. घरात ती घरधन्याची, चर्चमध्ये बिशपची आणि न्यायालयात न्यायाधीशाची असे. इतरांसाठी बाके, तिवया व बिनहातांच्या खुर्च्या असत. फ्रान्सच्या राजदरबारात राजासमक्ष साध्या, बिनपाठीच्या तिवईवर बसण्याचा मान मिळणे हीदेखील मोठी प्रतिष्ठा समजली जाई. रोम येथील सेंट पीटर्स चर्चमध्ये बेर्नीनीने १६५७–६६ या काळात उभारलेल्या भव्य ब्राँझ आसनाच्या आत एक जुनी लाकडी खुर्चीच बंदिस्त केलेली आहे. खुर्ची हीच सत्ता, हा संकेत बरोक कलेने त्यात परमावधीस नेला. मराठीतही ‘खुर्ची’ हा शब्द अधिकारपद या अर्थाने रूढ आहे.

भारतीय पूर्वपीठिका : खुर्ची येण्यापूर्वी भारतात उंच आसनेच नव्हती, हा समज बरोबर नाही. गादी, लोड, पाट व चौरंग यांवरील बैठक सर्वसाधारण असली, तरी राजे, देवता व मान्यवर व्यक्ती यांची उंच आसने शिल्पांत प्राचीन काळापासून दिसतात. पुणे जिल्ह्यातील मावळ भागात याचे चांगले पुरावे आहेत. भाजे येथील विहारातील शिल्पपटात वेताच्या मोढ्यासारख्या आसनावर बसलेली राजपुरुषाची आकृती आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नंतरच्या, महायान काळात कोरलेल्या मूर्तींत बुद्ध पाय खाली सोडून, म्हणजे प्रलंबपाद आसनात, सिंहासनावर बसलेला दाखविला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत अशा आसनांच्या पाठीवर मकर, व्याल इ. आकृतींची समृद्ध सजावट आढळते.

मावळातील लेणी सुतारकामाच्या इतिहासालाही उपयुक्त आहेत. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे भाजे येथील चैत्यगृह दगडात कोरलेले असले, तरी त्याची कल्पना संपूर्णपणे लाकडी इमारतीची आहे. म्हणूनच त्याचे स्तंभ लाकडी खांबांप्रमाणे आत झुकलेले आहेत. त्याच्या छताच्या लाकडी फासळ्यांवर ब्राह्मी लेख सापडले आहेत. कार्ले येथील सु. ३८ मी. लांबीच्या चैत्यगृहात, इ. स. पहिल्या शतकाच्या सुमारास बसविलेल्या सागवानी फासळ्या व स्तूपावरील लाकडी छत्र अद्याप टिकून आहे. तेथील एका लेखात प्रवेशद्वाराच्या कामाशी धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचा संबंध नोंदविला आहे. सुतारासाठी लेखात वापरलेला प्राकृत शब्द ‘वढकी’ असा आहे. लाकूड वक्राकार घडविणे, खाचेत अचूक बसविणे आणि त्यासाठी सागवान निवडणे या गोष्टी पश्चिम भारतातील कारागिरांना यूरोपीयांच्या आगमनापूर्वी दीड हजार वर्षे तरी अवगत होत्या, असे यावरून दिसते. सोळाव्या शतकात त्यांच्यासमोर आली ती नव्या प्रकारची वस्तू. कसब त्यांच्यापाशी होतेच.

यूरोपातील उदय : प्रबोधनकालीन हातांची खुर्ची साधी व काटकोनी असे. स्पेन व पोर्तुगालमध्ये चार सरळ खांब, सपाट रुंद हात आणि मोठ्या माथ्याच्या पितळी खिळ्यांनी ताणून बसविलेली चामड्याची पाठ व बैठक असा तिचा घाट होता. मठांत व कचेऱ्यांत ती सर्रास आढळे. सतराव्या शतकात या मूळ सांगाड्यात हळूहळू बदल झाले. पाठ उंच झाली व किंचित मागे कलली, हातांची टोके सर्पिल झाली, समोरची आडवी पट्टी रुंद होऊन तिच्यावर जाळीदार कोरीव काम आले आणि चौकोनी पायांची जागा कातीव पायांनी घेतली. सेंट पीटर्स चर्चमधील वेदीवर बेर्नीनीने १६२४–३३ मध्ये उभारलेल्या मंडपाचे पिळाचे स्तंभ प्रसिद्धी पावल्यानंतर तोच पीळ लाकडी सामानातही लोकप्रिय झाला. गोव्यातील चर्चमध्ये सोनेरी वेदींचे पिळाचे खांब दिसतात, तेही याच अभिरुचीचे द्योतक होत. शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या आन्द्रेआ ब्रुस्तोलोन (१६६२–१७३२) याने खुर्चीचा जवळजवळ प्रत्येक भाग मानवी आकृतींच्या रूपात कोरला. पण तो उत्तरकालीन टप्पा होय. आद्य बरोक खुर्चीत सांगाडा स्पष्टपणे दिसतो व अलंकरण त्याच्या मर्यादेत राहते.

सांगाडा : या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारणपणे ४५ ते ५० सेंमी. उंच असते, तर पाठीची एकूण उंची १०० सेंमी.पासून १३० सेंमी.पर्यंत जाते. मागचा पाय व पाठीचा खांब एकाच अखंड लाकडाचे असतात. बैठकीच्या वर हा खांब थोडा मागे कलता ठेवावयाचा असल्यास तो जाड फळीतून तिरपा कापून काढतात. लाकूड वाकवीत नाहीत. पुढचा पायही बैठकीपाशी न थांबता वर जातो व हाताला आधार देतो. अशा रीतीने चार उभे खांब तीन पातळ्यांवर एकमेकांना जोडले जातात : पायांजवळील आडव्या पट्ट्या, बैठकीची चौकट आणि हात.

या तिहेरी बांधणीतच खुर्चीचे बळ असते. बसणारा मागे रेलला, की पाठीचा खांब तरफेसारखे काम करतो आणि सर्व ताण बैठक व पाठ यांच्या सांध्यावर येतो. खुर्ची सर्वप्रथम खिळखिळी होते ती येथेच. हात पुढच्या खांबाला मागच्या खांबाशी जोडून हा ताण विभागतात, तर खालच्या पट्ट्या पाय फाकू देत नाहीत. प्रतिष्ठेचे चिन्ह मानले गेलेले हात आणि शोभेसाठी कोरलेली समोरची पट्टी ही दोन्ही मुळात बांधणीची अंगे आहेत. बरोक सुताराने अलंकरणासाठी नेमकी हीच ठिकाणे निवडली.

सांधेजोड : एका लाकडाच्या टोकाला चपटी जीभ काढून ती दुसऱ्या लाकडातील खाचेत बसविणे ही या खुर्चीची मुख्य जोडपद्धती होय. जिभेची जाडी साधारणपणे पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात. ती याहून अधिक झाली तर खाचेच्या भिंती दुबळ्या होतात, कमी झाली तर जीभच मोडते. सांधा सरसाने चिकटविला, तरी त्याची खरी भिस्त आडव्या लाकडी खुंटीवर असते. खाचेच्या भिंतींतील छिद्र व जिभेतील छिद्र एकमेकांसमोर तंतोतंत न पाडता जिभेतील छिद्र सांध्याच्या खांद्याकडे किंचित सरकवून पाडतात. निमुळती, कोरडी खुंटी ठोकली म्हणजे ती जीभ आत ओढून घेते व सांधा आवळला जातो. अशा सांध्यास लोखंडी खिळ्याची गरज नसते आणि सरस दमट हवेत निकामी झाला, तरी तो सुटत नाही. दुरुस्तीसाठी खुंटी मागून ठोकून काढता येते, हाही त्याचा मोठा गुण होय.

लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते व तो सुटला की आकसते. मात्र हा बदल सर्व दिशांना सारखा नसतो. ओले सागवान पूर्ण वाळताना वाढीच्या वलयांच्या दिशेने सु. ५ टक्के, त्रिज्येच्या दिशेने त्याच्या निम्म्याइतके आणि लांबीच्या दिशेने नगण्य आकसते. आडवी पट्टी व उभा खांब यांचे तंतू काटकोनात असल्यामुळे प्रत्येक सांध्यात दोन भिन्न हालचालींचा झगडा चालू असतो. अरुंद पट्ट्या, मर्यादित रुंदीच्या जिभा आणि चौकटीत सुटे बसविलेले तक्ते हा त्यावरील पारंपरिक उपाय होय. पाठीच्या चौकटीतील कोरीव तक्ता कडांना खाचेत सैल ठेवण्याचे कारणही हेच. तो चिकटवून टाकल्यास दोन-तीन पावसाळ्यांत चिरतो.

कातकाम व कोरीव काम : कातीव पाय कातारी घडवितो, चौकट सुतार घडवितो, म्हणजे ही खुर्ची किमान दोन कसबांची संयुक्त निर्मिती आहे. चरकावर लाकूड फिरवून मणी, कलश, चकत्या असे घाट उतरवितात. परंतु ज्या ठिकाणी खाचा पाडावयाच्या, तेथे खांब चौकोनीच सोडतात. गोल पृष्ठभागावर सांध्याचा खांदा नीट टेकत नसल्यामुळे हे चौकोनी ठोकळे आवश्यक असतात व गोल-चौकोनाच्या आलटून-पालटून येणाऱ्या लयीमुळे पायाला शोभाही येते. पिळाचा पाय केवळ चरकावर होत नाही. आधी सरळ दंडगोल उतरवून त्याच्याभोवती पिळाची रेषा आखतात, त्या रेषेवर करवतीने ठरावीक खोलीचा काप घेतात आणि मग पटाशी व कानशीने खोलगट भाग हाताने घडवितात. उत्तम खुर्चीत डाव्या व उजव्या पायांचे पीळ परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. समोरच्या पट्टीवर पाने, वेली, ढाली, मुकुट धरणारी बालके यांची नक्षी आढळते. हातांची टोके तळव्याखाली यावीत अशी गोलाकार वळविलेली असतात. तेथे आडवे तंतू उघडे पडत असल्याने कोरीव काम जपून करावे लागते.

लाकडाची निवड प्रदेशानुसार बदलते. उत्तर यूरोपात ओक, फ्रान्स व इटलीत अक्रोड, पोर्तुगालमध्ये ब्राझीलहून आलेले काळसर कठीण लाकूड आणि भारतात सागवान, शिसवी व अबनूस यांचा वापर होई. अबनूस अत्यंत कठीण व दाट तंतूंचे असल्याने त्यात बारीक नक्षी उठून दिसते. परंतु ते ठिसूळ असते व त्याचे मोठे ओंडके क्वचितच मिळतात. शिसवी दिसावयास उत्तम व बळकट, तर सागवान घडविण्यास सोपे, नैसर्गिक तेलामुळे कीड व ओल यांना बऱ्याच अंशी दाद न देणारे असते.

गोव्यातील खुर्ची : १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यावर चर्च, मठ व कचेऱ्या यांना मोठ्या प्रमाणावर लाकडी सामान लागू लागले आणि ते मुख्यतः स्थानिक सुतारांनी बनविले. त्यांपैकी अनेक हिंदू होते. ख्रिस्ती उपासनेच्या वस्तू बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास गोव्याच्या १५६७ च्या धर्मपरिषदेने मनाई केली. तरीही त्यांच्या कसबावाचून चर्चचे काम अडत असे. याचा परिणाम अलंकरणात दिसतो. सतराव्या शतकातील इंडो-पोर्तुगीज कपाटांच्या पायांना नागकन्या, पक्षी व सिंह यांचे आकार दिलेले असून शिसवी व सागवान यांवर अबनूस आणि हस्तिदंत यांची जडणी आहे. खुर्च्यांत घाट पोर्तुगीज राहिला; मात्र चामड्याच्या जागी वेताची विणलेली बैठक येऊ लागली, नक्षी अधिक उथळ व दाट झाली आणि रिकामी जागा सोडण्याची यूरोपीय रीत मागे पडली.

गोवा राज्य वस्तुसंग्रहालयात इन्क्विझिशनच्या न्यायासनाशी संबंधित मानले जाणारे मोठे कोरीव मेज व उंच पाठीच्या खुर्च्या आहेत. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले व १८१२ मध्ये कायमचे रद्द झालेले हे धर्मन्यायालय अनेक कुटुंबांच्या परागंदा होण्यास कारणीभूत झाले. त्याच्याशी निगडित खुर्च्यांकडे पाहताना उंच पाठीचा हेतू ध्यानात येतो : बसलेल्या माणसाच्या मस्तकामागे वर जाणारी पाठ त्याचे अस्तित्व मोठे करून दाखविते व समोर उभ्या असलेल्यास लहान करते. जुने गोवे येथील सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयातही चर्चमधील लाकडी व हस्तिदंती कामाचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात. गोव्यातील जुन्या वाड्यांत आज दिसणाऱ्या बहुतेक खुर्च्या मात्र अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील असून त्यांना आद्य बरोक म्हणणे योग्य नाही.

चोळमंडल किनारा व कालनिर्णयातील चूक : सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व किनाऱ्यावर, मुख्यतः डच गिऱ्हाइकांसाठी, अबनुसाच्या पिळदार व कोरीव खुर्च्या बनत. त्यांपैकी काही पुढे इंग्लंडात पोहोचल्या. अठराव्या शतकात हॉरिस वॉल्पोल (१७१७–९७) या लेखक-संग्राहकाने त्या इंग्लंडातील ट्यूडर काळच्या, म्हणजे सोळाव्या शतकातील, असल्याचे मानून आपल्या स्ट्रॉबेरी हिल या निवासस्थानी मांडल्या. त्याच्या अधिकारामुळे हा समज दीर्घकाळ टिकला व अनेकांनी ‘प्राचीन इंग्लिश’ म्हणून अशा खुर्च्या जमविल्या. काळा रंग व पिळाचे पाय एवढ्यावरून केलेला हा निर्णय सुमारे एका शतकाने आणि एका खंडाने चुकला. वेताची बैठकच त्याला संशयास्पद वाटावयास हवी होती. कारण इंग्लंडात वेताच्या बैठकी रूढ झाल्या त्या १६६० नंतर, पूर्वेकडील व्यापारातून. १६६२ मध्ये दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचा विवाह झाला. मुंबई बेट ज्या विवाहात आंदण म्हणून दिले गेले तो हाच विवाह. त्यानंतर इंग्लिश दरबारात पौर्वात्य लाकडी सामानाची आवड वाढली.

हवामान व पश्चिम घाटाचा अनुभव : खुर्चीच्या रचनेची खरी परीक्षा हवामान करते. मावळच्या पश्चिम कडेस, सु. ६२० मी. उंचीवरील लोणावळा येथे वर्षाला सरासरी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो; उन्हाळ्यात मात्र तेथील हवा बरीच कोरडी असते. अशा ठिकाणी चामड्यावर बुरशी चढते, गादीतील भरण कुजते, लोखंडी खिळे गंजून भोवतालचे लाकूड काळे पडते आणि सरसाचे सांधे सुटतात. खुंट्यांनी आवळलेला सागवानी सांगाडा व हवा खेळू देणारी वेताची बैठक हे दोनच घटक येथे दीर्घकाळ टिकतात. १८६३ मध्ये बोर घाटातील लोहमार्ग सुरू झाल्यावर लोणावळा-खंडाळा येथे मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे राहिले आणि त्यांच्या व्हरांड्यांत लांब हातांच्या, वेताने विणलेल्या आरामखुर्च्या आल्या. या खुर्च्या बरोक शैलीच्या नव्हेत. तथापि खांबांना बांधणारे हात, खुंटीचे सांधे व वेताची बैठक ही किनाऱ्यावर तीन शतके पारखलेली तत्त्वे त्यांत टिकून आहेत. त्याच परिसरातील कार्ले येथील सागवानी फासळ्या थेट पावसापासून सुरक्षित राहिल्याने सु. दोन हजार वर्षे टिकल्या, हे लाकडाच्या आयुर्मानाचे बोलके उदाहरण होय.

ओळख व जतन : एकोणिसाव्या शतकात बरोक खुर्च्यांच्या प्रतिकृती यूरोपात व भारतातही मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. अस्सल व अनुकृत यांतील भेद बहुधा दर्शनी नक्षीपेक्षा लपलेल्या भागांत सापडतो. हाताने चालविलेल्या करवतीच्या खुणा सरळ व असमान असतात, तर यांत्रिक चक्राकार करवतीच्या खुणा कमानीसारख्या. जुन्या कातीव खांबाचा छेद शतकांच्या आकसण्यामुळे किंचित लंबगोल झालेला असतो. मोजपट्टीने दोन दिशांना मोजल्यास तो फरक कळतो. आकसणाऱ्या लाकडातून खुंट्यांची टोके थोडी वर आलेली असतात. समोरची पट्टी पाय टेकून टेकून वरच्या कडेला झिजलेली असते. सर्वत्र सारखी झीज ही कृत्रिमतेची खूण समजावी.

अशा खुर्चीस वाळवी, भुंगेरे व अचानक बदलणारी आर्द्रता यांपासून धोका असतो. त्याहून अधिक हानी अविचारी दुरुस्तीने होते : सैल सांध्यात लोखंडी खिळा ठोकणे, जुना पृष्ठभाग घासून नवे रोगण चढविणे, वेत काढून फळी बसविणे यांमुळे कालनिर्णयाचे पुरावेच नाहीसे होतात. भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात व त्या खाजगी व्यक्तींना परदेशी पाठविता येत नाहीत. हस्तिदंताच्या व्यापारावरही वन्यजीवविषयक कायद्याने बंदी आहे. पश्चिम किनाऱ्यावरील चर्च, वाडे व बंगले यांमध्ये अद्याप वापरात असलेल्या जुन्या खुर्च्यांची मोजमापे, लाकूड व सांधे यांसह पद्धतशीर नोंद होणे हे त्यांच्या जतनाचे पहिले पाऊल होय. कारण या खुर्च्या घडविणाऱ्या सुतार-कातारींची नावे क्वचितच लिहिली गेली आणि त्यांच्या कामाचा मुख्य लेख त्यांनी जोडलेल्या लाकडातच शिल्लक आहे.